हेड्रियनची भिंत

पराक्रमी राजांची कीर्ती गाताना त्यांनी कोठवर मजल मारली हे सांगण्याचा प्रघात आहे. रोमचा सम्राट हेड्रियन हा मात्र आपली मजल कोठे थांबली हे दगडात लिहून गेला. त्याने घातलेली ही रेषा आज इंग्लंडच्या उत्तर भागात, पूर्वेस टाइन नदीच्या काठापासून पश्चिमेस सॉल्वे खाडीच्या किनाऱ्यापर्यंत, ८० रोमन मैल म्हणजे सध्याच्या मापाने ७३ मैल पसरलेली आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची सरहद्द म्हणजेच ही भिंत, असा एक समज सर्वत्र आढळतो आणि खुद्द इंग्लंडातही तो दुर्मिळ नाही. वस्तुतः ती संपूर्णपणे इंग्लंडच्या भूमीत आहे. पूर्वेच्या टोकाशी तर आजची सरहद्द तिच्या उत्तरेस साठ मैलांहून अधिक दूर आहे. भिंत उभी राहिली त्या काळी इंग्लंडही नव्हते आणि स्कॉटलंडही नव्हते. होते ते रोमचे राज्य आणि त्या राज्याबाहेरचे लोक.

इसवी सन ११७ मध्ये ट्रेजन मरण पावला तेव्हा रोमन साम्राज्याचा विस्तार पराकोटीला पोहोचला होता. त्याच्यामागून गादीवर आलेल्या हेड्रियनने पहिले काम केले ते या वाढीला आवर घालण्याचे. टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांकाठचा नुकताच जिंकलेला मुलूख त्याने सोडून दिला. जर्मनीत ओकच्या लाकडांचा मोठा कूड घालून हद्द पक्की केली. साम्राज्याची पाहणी करीत १२२ साली तो ब्रिटनमध्ये उतरला आणि भिंतीची आखणी ठरली. त्याच्या एका उत्तरकालीन चरित्रकाराने भिंतीचे प्रयोजन एका वाक्यात उरकले आहे. रोमन आणि रानटी लोक यांना एकमेकांपासून अलग करण्यासाठी ती बांधली, एवढेच तो सांगतो. याहून अधिक खुलासा कोणत्याही प्राचीन ग्रंथात नाही. हे एक वाक्य कितपत खरे मानावे, हा प्रश्न भिंतीच्या इतिहासात वारंवार उभा राहतो, आणि त्याचे उत्तर ग्रंथांपेक्षा जमिनीतूनच अधिक मिळाले आहे.

भिंत बांधली ती गुलामांनी नव्हे, तर सैनिकांनी. ब्रिटनमध्ये त्या वेळी असलेल्या तिन्ही लीजन या कामावर आल्या. लीजन म्हणजे रोमन नागरिकांची सुमारे पाच हजारांची पलटण. तिच्यात लढवय्यांबरोबर मोजणीदार, पाथरवट, सुतार, लोहार असे सारे कारागीर असत. प्रत्येक तुकडीला ठरावीक लांबीचे काम नेमून दिलेले होते, आणि आपले काम पुरे झाले म्हणजे ती तुकडी आपल्या नायकाचे नाव एका दगडावर कोरून भिंतीत बसवीत असे. असे अनेक दगड सापडले आहेत. हेड्रियनचे आणि त्याचा सुभेदार ऑलस प्लॅटोरियस नेपोस याचे नाव एकत्र असलेला शिलालेखही मिळाला आहे.

मूळ योजना मोठी नीटनेटकी होती. प्रत्येक रोमन मैलावर एक लहानशी गढी, तिला उत्तरेस व दक्षिणेस एकेक दरवाजा, दोन गढ्यांमध्ये टेहळणीचे दोन बुरूज, समोर खंदक. पूर्वेकडचा भाग दगडाचा, १० रोमन फूट रुंदीचा. अर्दिंग नदीच्या पश्चिमेस मात्र गवताळ मातीची ढेकळे कापून रचलेला, २० फूट रुंदीचा. मधल्या डोंगराळ प्रदेशात भिंत काळ्या खडकाच्या कड्यावरून चालते. तेथे निसर्गानेच तट उभारलेला असताना माणसाने आणखी एक तट कशाला बांधावा, असे कोणासही वाटेल. पण हुकूम म्हणजे हुकूम. जेथे दरवाज्यातून बाहेर पाऊल टाकणे अशक्यप्राय आहे अशा उतारावरही मैल भरला की गढी आणि गढीला उत्तरेचा दरवाजा, असा प्रकार दिसतो. सरकारी कामातील ही चिकाटी दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

तथापि, काम चालू असतानाच योजना बदलली. रुंदी १० फुटांवरून ८ फुटांवर किंवा त्याहूनही खाली आली. मोठे सैन्य भिंतीच्या मागे काही मैलांवर जुन्या ठाण्यांत ठेवण्याचा बेत होता. तो मोडून ठाणी खुद्द भिंतीवरच आणण्यात आली. त्यासाठी नुकतेच बांधलेले बुरूज पाडावे लागले. चेस्टर्स आणि हाउसस्टेड्स या दोन्ही किल्ल्यांच्या आत अशा जमीनदोस्त केलेल्या बुरुजांचे पाये सापडले आहेत. पश्चिमेकडची मातीची भिंतही पुढे टप्प्याटप्प्याने पाडून दगडाची करण्यात आली. या साऱ्यावरून असे दिसते की, आरंभी उत्तरेकडील लोकांच्या विरोधाची कल्पना कोणाला पुरती आली नसावी.

विरोध का झाला असावा, याचे एक उत्तर भिंतीच्या खालीच दडलेले आहे. टाइनकाठच्या काही ठिकाणी उत्खनन करताना भिंतीच्या आणि किल्ल्यांच्या पायाखाली नांगराचे तास उमटलेले दिसले. म्हणजे भिंत रिकाम्या माळावर आली नव्हती; ती वाहत्या शेतात आली होती. कोणाचे घर एका बाजूस आणि कोणाचे कुरण दुसऱ्या बाजूस राहिले असेल, याची नोंद ठेवणारा त्या लोकांत कोणी नव्हता. त्यांना लिपी नव्हती. परंतु अलीकडच्या उत्खननांनी एक गोष्ट पुढे आणली आहे. भिंतीच्या उत्तरेस किनाऱ्यालगतच्या सपाट प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या शेतकऱ्यांच्या वस्त्या, भिंत उभी राहिल्यानंतर थोड्याच काळात ओस पडल्या. लढाई होऊन त्या उजाड झाल्या असे दिसत नाही. येणे-जाणे, देणे-घेणे तुटले म्हणजे गाव जसे आपोआप मरते, तसेच त्यांचे झाले असावे.

आणि तरीही ही भिंत केवळ बंद करण्यासाठी नव्हती. केवळ अडवावयाचे असते तर ऐंशी दरवाजे कोणी ठेवले नसते. भिंतीच्या मागे, दक्षिणेच्या अंगाला, आणखी एक रुंद खंदक खणलेला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे बांध आहेत, आणि तो ओलांडण्याची वाट मुख्यतः किल्ल्यांसमोरच ठेवलेली आहे. शत्रू उत्तरेस असताना खंदक दक्षिणेस कशासाठी, या कोड्याने पंडितांना फार दिवस छळले. त्याचा सर्वमान्य उलगडा आज असा आहे की, भिंतीलगतची पट्टी ही लष्करी हद्द होती आणि तिच्यात कोणीही शिपायाच्या नजरेखालूनच शिरावे, अशी ती व्यवस्था होती. गुरे घेऊन येणारा, कातडी विकणारा, नातलगांकडे जाणारा, अशा प्रत्येकाला किल्ल्याच्या दारातून, शस्त्रे खाली ठेवून, बहुधा काही कर भरून जावे लागे. संस्थानी अमदानीतील जकातनाके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भिंत ही जेवढी तटबंदी होती, तेवढीच ती एक लांबलचक चौकी होती.

या चौकीवर पहारा देणारे लोक कोण होते? भिंत बांधून झाल्यावर लीजन आपापल्या तळावर परतल्या. पहाऱ्यास राहिल्या त्या साहाय्यक पलटणी, आणि या पलटणींतील बहुतेक शिपाई रोमचे नागरिकच नव्हते. पंचवीस वर्षांची चाकरी पुरी झाली म्हणजे त्यांना नागरिकत्वाची सनद मिळे. ज्यांना रोमन म्हणवून घेण्याचा अधिकार अद्याप नाही अशांनी रोमन आणि रानटी यांच्यामधील रेषा राखावयाची, असा हा विलक्षण प्रकार होता. हाउसस्टेड्सला आजच्या बेल्जियमकडील टुंग्रियन होते; चेस्टर्सला स्पेनमधील अस्तुरियाचे घोडेस्वार; कार्व्होरानला सिरियाचे तिरंदाज; पश्चिमेच्या टोकाकडे, तिसऱ्या शतकात, उत्तर आफ्रिकेतील मूर. बर्डोस्वाल्डला आजच्या रुमानियातून आलेले डेशियन होते. डेशियाचा शेवटचा राजा डेसिबॅलस याचा ट्रेजनने पाडाव केला होता. त्याच राजाचे नाव ठेवलेल्या एका बालकाचा मृत्युलेख बर्डोस्वाल्डला मिळाला आहे. जिंकलेल्यांच्या नोकरीत राहून, मायभूमीपासून शेकडो कोस दूर, हरलेल्या राजाचे नाव मुलाला देणाऱ्या त्या बापाविषयी इतिहास आणखी काही सांगत नाही.

या शिपायांचे दैनंदिन जीवन १९७३ पर्यंत केवळ तर्काचा विषय होते. त्या वर्षी भिंतीच्या दक्षिणेस मैलभरावर असलेल्या विंडोलँडा या ठाण्यात रॉबिन बर्ली यांना ओल्या, हवाबंद मातीच्या थरांत लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे मिळाले. त्यांवर शाईने लिहिलेला मजकूर होता. पुढे असे शेकडो पत्रे बाहेर आले. त्यांपैकी बहुतेक भिंतीच्या आधीच्या पंचवीस-तीस वर्षांतील आहेत. परंतु लोक तेच, चाकरी तीच, पाऊसही तोच. एका पत्र्यावर टुंग्रियन पलटणीची हजेरी आहे. एकूण माणसे ७५२, त्यांपैकी ४५६ बाहेरगावी कामावर, हजर २९६, त्यांतही ३१ निकामी. या ३१ जणांत आजारी १५, जखमी ६ आणि डोळे आलेले १०. जखमी सहा आणि डोळे आलेले दहा, या दोन आकड्यांतून सरहद्दीवरील चाकरीचे जे चित्र उभे राहते ते कोणत्याही विजयस्तंभावर कोरलेले नाही. दुसऱ्या एका पत्र्यावर स्थानिक ब्रिटन लोकांच्या लढण्याच्या पद्धतीची नोंद असून तेथे त्यांच्यासाठी एक हेटाळणीचा शब्द वापरला आहे. भिंतीमागची दृष्टी कोणती होती, ते त्या एका शब्दावरून कळते. आणखी एका हिशेबात मिऱ्यांची खरेदी मांडली आहे. किंमत दोन दिनार. काळी मिरी त्या काळी येई ती मलबारच्या किनाऱ्यावरून. तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया, गॉल असा प्रवास करून ती या थंड, चिखलट ठाण्यातील एका शिपायाच्या रांजणात पोहोचली होती.

याच पत्र्यांत एक निमंत्रण आहे. क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीने दुसऱ्या ठाण्यातील सल्पिशिया लेपिडिना या मैत्रिणीला ११ सप्टेंबर रोजी आपल्या वाढदिवसाला बोलावले आहे. मजकूर कारकुनाच्या हातचा, परंतु शेवटच्या चार ओळी वेगळ्या, किंचित अवघडलेल्या अक्षरात आहेत. त्या तिने स्वतः लिहिल्या. स्त्रीच्या हातचे म्हणून ओळखले गेलेले, आजवर टिकलेले हे लॅटिनमधील सर्वांत जुने लिखाण मानले जाते.

परंतु या प्रदेशातील सर्व अवशेषांत मनाला सर्वाधिक भिडणारा अवशेष टाइन नदीच्या मुखाशी, साउथ शील्ड्स येथे १८७८ साली सापडला. तो एका स्त्रीचा मृत्युलेख आहे. तिचे नाव रेजिना, म्हणजे राणी. ती दक्षिण ब्रिटनमधील कॅटुव्हेलॉनी या जमातीची. कोणत्या तरी आपत्तीत ती दासी झाली. सिरियातील पाल्मिरा या व्यापारी नगरीच्या बराटेस नावाच्या गृहस्थाने तिला विकत घेतले, मुक्त केले आणि तिच्याशी विवाह केला. ती तीस वर्षांची होऊन वारली. दगडावर ती वेताच्या खुर्चीत बसलेली कोरली आहे. हातात सूत कातण्याची चाती, एका बाजूस लोकरीच्या गुंड्यांची टोपली, दुसऱ्या बाजूस दागिन्यांची पेटी. चेहरा मात्र काळाच्या ओघात नष्ट झाला आहे. खाली लॅटिन लेख आहे. तो रिवाजाप्रमाणे आहे आणि त्यात चुका आहेत. त्याच्याखाली एकच ओळ पाल्मिराच्या लिपीत आहे आणि ती अगदी सफाईदार कोरलेली आहे. बराटेसची मुक्त केलेली रेजिना, एवढे सांगून ती ओळ एका दुःखोद्गाराने संपते. त्या गावात ही लिपी वाचू शकणारे किती लोक असतील? जे सर्वांना सांगावयाचे ते त्याने राज्यकर्त्यांच्या भाषेत सांगितले. जे कोणाला सांगावयाचे नव्हते ते आपल्या भाषेत लिहिले. विकत घेतलेल्या दासीशी लावलेल्या या विवाहात तिच्या मर्जीचा भाग किती होता, हे तो दगड सांगत नाही, आणि त्याची सुबक कोरणी पाहून हा प्रश्न विसरणेही बरे नव्हे. तरीपण रोमन आणि रानटी यांना अलग करणारी म्हणून जी भिंत चरित्रकाराने वर्णिली, तिच्या सावलीत एका सिरियन माणसाने एका ब्रिटन स्त्रीसाठी दोन भाषांत शोक केला, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

देवही असेच दुरून आले होते. १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात कॅरॉबर्ग येथील दलदल आटली आणि मिथ्र देवतेचे एक लहान मंदिर उघडे पडले. मिथ्र हे नाव इराणातील, आणि वेदांतील मित्र या नावाचे ते सहोदर. देवतेचे रोमन रूप मात्र फार निराळे. त्याच्या शेजारीच कॉव्हेंटिना या स्थानिक जलदेवतेची विहीर. १८७६ साली ती उपसली तेव्हा तीत १३ हजारांहून अधिक नाणी निघाली. शिपाई दूर देशीचे असले तरी पाण्याच्या देवीला पैसा वाहण्यास ते चुकले नाहीत.

राजकीय इतिहास थोडक्यात सांगता येतो. १३८ साली हेड्रियन वारला. त्याच्यामागून आलेल्या अँटोनायनस पायसने ही भिंत जवळजवळ सोडून दिली आणि सुमारे १४२ पासून आजच्या स्कॉटलंडमध्ये फोर्थ आणि क्लाइड यांच्या दरम्यान मातीची दुसरी, लांबीने निम्मी भिंत घातली. वीस वर्षांच्या आसपास ती टिकली. मग सैन्य पुन्हा हेड्रियनच्या भिंतीवर आले. २०८ साली सेप्टिमियस सेव्हरस हा आफ्रिकेत जन्मलेला सम्राट स्वतः मोठी फौज घेऊन उत्तरेत उतरला. २११ मध्ये यॉर्क येथे त्याचा अंत झाला आणि त्याच्या मुलांनी मोहीम गुंडाळली. भिंतीची दुरुस्ती या कालखंडात इतकी झाली की, पुढच्या लेखकांनी भिंत सेव्हरसचीच मानली. ३६७ साली अनेक टोळ्यांनी एकाच वेळी ब्रिटनवर चाल केली. परंतु त्यांतील पुष्कळसे समुद्रमार्गे आले. समुद्रावर भिंत घालणे हेड्रियनलाही शक्य नव्हते.

पाचव्या शतकाच्या आरंभी रोमची सत्ता ब्रिटनमधून नाहीशी झाली. भिंत पडली, शत्रू आत घुसला आणि सारे संपले, असे दृश्य कल्पनेत रंगवणे सोपे आहे. उत्खनन तसे सांगत नाही. बर्डोस्वाल्डच्या किल्ल्यात दोन मोठी धान्याची कोठारे होती. पगार थांबला, रसद थांबली, त्याबरोबर कोठारांचे कामही संपले. १९८७ पासून झालेल्या उत्खननात असे आढळले की, त्यांपैकी एका कोसळलेल्या कोठाराच्या जागी कोणीतरी लाकडाचे मोठे सभागृह उभारले होते. शिपायांचे वंशज तेथेच राहिले असावेत. ठाणेदाराचा बहुधा गावचा नायक झाला, आणि पूर्वी कर म्हणून येणारे धान्य आता रखवालीच्या मोबदल्यात येऊ लागले असावे.

भिंतीचा खरा संहार झाला तो पुढे, आणि तो शांततेच्या हातून. आठव्या शतकात जॅरोच्या मठात राहणारा विद्वान भिक्षू बीड याने भिंतीची उंची १२ फूट दिली आहे. त्याच्याच मठाच्या बांधकामात रोमन दगड बसवलेले होते. हेक्सॅमचे मंदिर, लॅनरकॉस्टचा मठ, शेकडो घरे, गोठे आणि कुंपणे यांना घडीव दगडाची ही आयती खाण मिळाली. मधल्या भागाला मात्र चोरांनी राखले. १५९९ साली इतिहासकार विल्यम कॅम्डेन भिंत पाहण्यास गेला, पण सरहद्दीवरील लुटारूंच्या भयाने त्याला हाउसस्टेड्सकडे जाता आले नाही. जेथे पंडित पोहोचू शकला नाही तेथे गवंडीही पोहोचला नाही. पुढे १७४५ च्या बंडात न्यूकॅसलहून कार्लाइलकडे फौज हलवणे अशक्य झाले, म्हणून १७५१ नंतर लष्करी रस्ता बांधण्यात आला. रस्त्याला पाया हवा होता, आणि पाया तयारच होता. कित्येक मैलांपर्यंत भिंत आडवी करून तिच्याच दगडांवर रस्ता घातला गेला. ज्या भिंतीला कोणत्याही टोळीने धक्का दिला नव्हता असे तिचे भाग सरकारी हुकुमाने एका पिढीत नाहीसे झाले. त्या रस्त्यावरून आजही मोटारी धावतात.

१८०१ साली विल्यम हटन नावाचा ७८ वर्षांचा व्यापारी बर्मिंगहॅमहून पायी निघाला, भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला आणि पायीच घरी परतला. सुमारे ६०० मैलांची ही पदयात्रा. प्लेनट्रीज येथे त्याला दिसले की, एक जमीनमालक नव्या घरासाठी भिंत उतरवीत आहे. म्हाताऱ्याने अश्रू ढाळून विनवणी केली. त्याच्यामुळे म्हणा किंवा अन्य कशामुळे म्हणा, तेथील थोडासा तुकडा उरला. आणि तो तुकडा असा की, त्यात १० फुटी पायावर अरुंद भिंत चढवलेली स्पष्ट दिसते. योजना मध्येच बदलल्याचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल. पुढे न्यूकॅसलच्या नगरपालिकेचा चिटणीस जॉन क्लेटन याने १८३४ पासून भिंतीखालच्या जमिनी एकामागून एक विकत घेण्याचा सपाटा लावला. १८९० साली वयाच्या ९८ व्या वर्षी तो वारला तेव्हा पाच किल्ले त्याच्या मालकीचे होते. आज मध्यभागात जे अखंड दिसते त्याचे श्रेय बरेचसे त्याचे आहे. काही पुनर्रचना मात्र त्याच्याच मजुरांच्या हातची आहे, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

एवढे होऊनही १८४० पर्यंत ही भिंत बहुतेकांच्या लेखी सेव्हरसचीच होती. त्या वर्षी जॉन हॉजसन या धर्मोपदेशकाने नॉर्दम्बरलंडच्या आपल्या इतिहासग्रंथात शिलालेखांच्या आधारे ती हेड्रियनची असल्याचे प्रतिपादन केले. सतराशे वर्षांनी मूळ मालकाचे नाव तिला परत मिळू लागले. त्यानंतर २००३ साली स्टॅफर्डशायरमध्ये पितळेसारख्या धातूचे, रंगीत मिन्याचे एक लहान भांडे सापडले. त्याच्या काठाभोवती भिंतीच्या पश्चिम भागातील चार किल्ल्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांच्याबरोबर ड्रॅको हे एका माणसाचे नाव आहे आणि एलियस हा शब्द आहे. एलियस हे हेड्रियनचे कुलनाम. काही विद्वानांच्या वाचनाप्रमाणे, भिंतीवर पहारा देणारे लोक तिला एलियसचीच भिंत म्हणत होते. चाकरी संपवून दक्षिणेकडे परतणाऱ्या कोणा शिपायाने आठवण म्हणून ते भांडे बरोबर नेले असावे. आज ते तीन संग्रहालयांच्या सामाईक मालकीचे आहे, आणि त्यांपैकी एक भिंतीवरच्याच कार्लाइल गावात आहे.